हे माझं की पु. लं.चं?

फोन आला तेव्हा मी दिघा गाव स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री आणि खांदा आणि कानाच्या मध्ये मोबाइल. पलीकडे एका छोट्या दिवाळी अंकाचे संपादक.

"लेख वाचला. मजा आली," ते म्हणाले. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. "पण एक विचारू? हा तुम्ही लिहिलाय की पु. लं.नी?"

मी हसले. मला चक्क ती कॉम्प्लिमेंट वाटली!

"नाही, मी सिरियसली विचारतोय. वाक्यं तुमचीच आहेत, चोरी कुठेही नाही. पण लेख दिघ्यातल्या बिल्डिंगवर आहे आणि मला माणसं दिसतायत गिरगावातल्या चाळीतली. तुम्ही नक्की राहता कुठे?"

तेवढ्यात गाडी आली. दिघा गावहून पुढचंच स्टेशन ऐरोली, माझं ऑफिस तिथे. एका स्टेशनाचा प्रवास. पण त्या दिवशी तेवढ्यात माझा मूड शंभर टक्क्यांवरून शून्यावर आला. राग आला होता. आधी त्यांचा, मग स्वतःचा, आणि ऐरोलीच्या जिन्यावर थोडा पु. लं.चासुद्धा.

थोडं बॅकग्राउंड देते. मी एका आयटी पार्कमध्ये इन्शुरन्स क्लेमची पत्रं लिहिते. म्हणजे 'आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे' हे एकच वाक्य इंग्रजीत, सतरा प्रकारे, समोरच्याने मोबाइल भिंतीवर फेकू नये अशा बेताने लिहायचं. महिन्याला पगार येतो. ललित लेखन हा माझा दुसरा, बिनपगारी जॉब. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असाच एखादा दुसरा जॉब असेल. कुणी गिटार शिकतं, कुणी ट्रेक लीड करतं, कुणी रात्री बारानंतर कविता करून ड्राफ्टमध्ये ठेवतं.

आणि दिघा. नवी मुंबई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाम बीच रोड येतो, फ्लेमिंगो येतात. दिघा त्या फोटोत नसतो. ठाण्याहून कळवा, विटावा मागे टाकून ठाणे-बेलापूर रोडला लागलात की नवी मुंबईची हद्द जिथे सुरू होते, तो आमचा दिघा. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला रूळ आणि त्यापलीकडे खाडी, मध्ये एमआयडीसीच्या कंपन्या, पाडे आणि जागा मिळेल तिथे उभ्या राहिलेल्या इमारती. ट्रान्स हार्बरची लोकल २००४ पासून आमच्या नाकासमोरून जायची, थांबायची मात्र नाही. स्टेशन सुरू झालं १२ जानेवारी २०२४ ला. तोपर्यंत आम्ही गाडी बघायचो आणि रिक्षाने ऐरोलीला जायचो.

आमची बिल्डिंग २०१५ मध्ये गेली. त्या वर्षी हायकोर्टाच्या आदेशानंतर दिघ्यातल्या बेकायदा इमारती पाडायला सुरुवात झाली. ९९ इमारतींचा आकडा तेव्हा सगळ्या पेपरांत होता. त्यांतली एक आमची. बाबांनी कंपनीतून मिळालेले पैसे आणि आईच्या दोन पाटल्या घालून घेतलेला वन रूम किचन. कागद बरोबर आहेत असं ज्याने सांगितलं होतं त्याचा फोन नंतर लागला नाही. मी बारावीला होते.

तर त्या बिल्डिंगवर मी लेख लिहिला होता. आणि संपादकांना त्यात गिरगाव दिसलं.

वगैरेचा ताप

खरं सांगायचं तर हा आजार जुना. बाबा सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला यायचे आणि जेवताना टेपरेकॉर्डरवर पु. लं.ची कॅसेट लावायचे. आवाज अगदी बारीक, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. 'म्हैस' मला बाराखडीच्या आधी पाठ झाली असेल. त्यामुळे लिहायला बसले की वाक्याच्या शेवटी तो खास हेलकावा आपोआप यायचा. शाळेतल्या निबंधात गुरुजींचं वर्णनसुद्धा मी असं करायचे की वर्ग हसायचा. हसला की झालं, असं वाटायचं.

कॉलेजात 'कोसला' हातात पडली. १९६३ ची कादंबरी, पण वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की ती काल आपल्यासाठी लिहिलीय. भालचंद्र नेमाड्यांच्या पांडुरंग सांगवीकरने मराठी पोरांच्या किमान तीन पिढ्यांना 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे दोन शब्द दिले. मला ताप चढला तो जाम. डायरीत वगैरे, मेसेजमध्ये वगैरे. पहिल्या नोकरीत सेल्फ अप्रेझल लिहिताना मी एका पानावर 'फॉर एक्झाम्पल' सहा वेळा लिहिलं होतं. टीम लीडने विचारलं, "फॉर एक्झाम्पल व्हॉट?" पुढे काहीच नव्हतं.

मग जी. ए. कुलकर्णी. 'काजळमाया' एका पावसाळ्यात वाचली आणि पुढचे चार महिने मला कँटीनमधला समोसाही नियतीचा भाग वाटत होता. माझ्या कथेतली सगळी माणसं संध्याकाळी घरी परतायची, आणि सगळ्यांच्या अंगणात वठलेलं झाड. दिघ्यात अंगण कुठून आणलं हे मला तेव्हा कुणी विचारलं नाही.

म्हणजे बघा, मी लिहीत होते ते नेहमी कुणाच्या तरी कपड्यांत. कपडे चांगले होते, पण मापाचे नव्हते.

खानदानी उसनवारी

त्या फोननंतर आठवडाभर मी काहीच लिहिलं नाही. मग आपली बाजू मांडण्यासाठी पुरावे गोळा करायला लागले. (क्लेम डिपार्टमेंटची सवय.) म्हटलं, अनुकरण हा गुन्हा असेल तर आधी मोठ्या आरोपींना धरा.

आणि मराठी विनोदाचीच केस उघडली तर काय निघतं! श्रीपाद कृष्ण कोल्हटकर विदर्भात वकिली करता करता 'सुदाम्याचे पोहे' लिहितात. राम गणेश गडकरी त्यांना उघडपणे गुरू मानतात, 'बाळकराम' नावाने त्याच वळणाचे विनोदी लेख लिहितात. आचार्य अत्रे गडकऱ्यांना गुरू मानतात. गडकरी गेले जानेवारी १९१९ मध्ये आणि पु. ल. जन्मले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पण मधल्या अत्र्यांमुळे तो धागा तुटला नाही. चार माणसं, एकामागे एक, प्रत्येकाने आधीच्याचं बोट धरलेलं. आणि तरी डोळे मिटून कुणाचंही एक पान वाचा, कोण आहे ते ओळखू येतं. गडकऱ्यांची कोटीवर कोटी वेगळी, अत्र्यांचा घणाघात वेगळा.

म्हणजे उसनं घेण्यात प्रॉब्लेम नाही. मग माझ्यात काय प्रॉब्लेम होता?

अत्र्यांची गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते. रविकिरण मंडळाच्या कवींची तेव्हा चलती होती. अत्र्यांनी 'केशवकुमार' नावाने त्यांची विडंबनं लिहिली, 'झेंडूची फुले'. आपण विडंबन म्हणजे टिंगल समजतो. पण एखाद्याचं विडंबन करायचं तर त्याची वाक्यं उघडून आतला स्क्रू आणि स्प्रिंग बघावी लागते. कुठला शब्द तो पुन्हा पुन्हा वापरतो, कुठे उगाच उसासा टाकतो, यमकासाठी कुठे तडजोड करतो. जे कळतं ते टोचतं, आणि मग तेच आपण करायला गेलो की हात थबकतो. मी एका रविवारी कोसला-तापावर हाच उतारा केला. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची नोटीस सांगवीकर-छाप लिहून काढली, मुद्दाम वगैरे ठासून. दीड पान झाल्यावर स्वतःलाच कंटाळा आला. त्यानंतर वगैरे लिहिताना मी दोनदा विचार करते. (या लेखात आधी आलेत ते विचार करूनच टाकलेत.)

दुसरा मार्ग अनुवादाचा. जी. एंनी कॉनराड रिश्टर या अमेरिकन कादंबरीकाराची पुस्तकं मराठीत आणली: 'रान', 'शिवार', 'गाव'. पु. लं.नी हेमिंग्वेचा म्हातारा कोळी 'एका कोळियाने'मध्ये आणला, शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, ब्रेख्तचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. माझ्या मते यांत सगळ्यात शिकण्यासारखी जोडी हेमिंग्वे आणि पु. लं.ची. एक शब्दांचा पक्का कंजूष, दुसरा शब्दांचा शौकीन. शौकीन माणसाला कंजुषाच्या घरी चार दिवस राहावं लागलं तर काय होईल, ते त्या पुस्तकात वाचायला मिळतं. 'फुलराणी'त मात्र पु. ल. एकदम घरी. लंडनच्या फुलवालीची भाषा मराठीत आणताना त्यांनी शॉची वाक्यं नाही आणली, त्या बाईचा तोरा आणला.

बाहेरच्या जगातही हेच. हंटर थॉम्पसन 'टाइम' मासिकात कॉपीबॉय होता तेव्हा ऑफिसच्या टाइपरायटरवर 'द ग्रेट गॅट्सबी' टाइप करून काढायचा, चांगलं वाक्य लिहिताना बोटांना कसं वाटतं ते कळावं म्हणून. (ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या मशीनवर! आपला माणूस.) पण मला खरं कामाला आलं ते बेंजामिन फ्रँकलिनचं तंत्र.

दोन दिवसांचा फंडा

फ्रँकलिन म्हणजे वीज आणि पतंगवाला तोच. बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना त्याच्या हाती 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकाचा एक सुटा खंड लागला. लेखन आवडलं. मग त्याने काय केलं, तर एकेका लेखातल्या प्रत्येक वाक्याचा मुद्दा दोन-तीन शब्दांत टिपून ठेवायचा. काही दिवस ते बाजूला ठेवायचं. मग मूळ लेख न बघता, त्या टिपणांवरून तो लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायचा. आणि शेवटी मूळ लेखाशेजारी ठेवून आपल्या चुका दुरुस्त करायच्या. कधी टिपणं मुद्दाम उलटीपालटी करायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा क्रम लावायचा, म्हणजे मांडणी शिकता येते. हे सगळं कामाच्या आधी, कामानंतर आणि रविवारी चर्च चुकवून. नोकरीवाल्यांसाठी याच्याइतका प्रॅक्टिकल फंडा मला दुसरा माहीत नाही.

पु. लं.वर हा प्रयोग करण्यात अर्थ नव्हता, ते मला पाठच होते. मी निवडली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची. कारण अगदी साधं: ती पातळ होती आणि पर्समध्ये मावायची. पण ती निवड नशिबाने बरोबर लागली. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला एक कोवळा शाळामास्तर, आणि शेवटी दुष्काळात माणसांनी सोडलेलं गाव. इंग्रजीत तिचं नाव 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' असं केलंय. आमच्या दिघ्याला भिंती होत्या, तोच तर वांधा झाला. असो.

सोमवारी ठाण्याला डॉक्टरकडे जाताना गाडीत एक पान वाचलं, तिकिटाच्या मागे बारा टिपणं केली. बुधवारी रात्री त्यावरून पान लिहिलं. गुरुवारी सकाळी दोन्ही शेजारी ठेवली.

बॉस, लाज वाटली. माडगूळकरांच्या पानापेक्षा माझं पान जवळपास दुप्पट लांब होतं. जिथे त्यांनी एक माणूस दारात उभा केला आणि सोडून दिला, तिथे मी त्याला सुरकुत्या दिल्या, डोळ्यांत काळाची खोल विहीर दिली, पागोट्यावर एक कोटी केली आणि शेवटी वाचकाला सांगितलं की हा माणूस किती गोड आहे. त्यांना तो गोड आहे असं म्हणायचंच नव्हतं! मी विशेषणांना लाल पेनाने गोल करत गेले, तर पान कांजिण्या आल्यासारखं दिसायला लागलं.

शुक्रवारी दुसरं पान घेतलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरं. असं दोन महिने चाललं, आठवड्याला एक पान. मी माडगूळकरांसारखं लिहायला लागले का? अजिबात नाही. त्यांचा तो कोरडेपणा माझ्यात नाही, मी बोलघेवडी आहे. पण एक सवय लागली. प्रत्येक वाक्यानंतर विचारायची: हे मी पाहिलंय का, की हे इथे शोभतं म्हणून घातलंय?

त्या नजरेने मी बिल्डिंगवरचा माझा जुना लेख पुन्हा उघडला.

तिसऱ्या मजल्यावरचे गाणारे काका होते त्यात. नळावर भांडून संध्याकाळी एकमेकींना लोणचं देणाऱ्या दोन काकू होत्या. गॅलरीत पेपर वाचणारे, सगळ्या जगावर मत असलेले निवृत्त मास्तर होते. आणि शेवटी रिकाम्या जागेपुढे उभं राहून केलेलं एक हळवं स्वगत. 'बटाट्याची चाळ' ज्यांनी वाचलीय त्यांना ते स्वगत कुठून आलं ते सांगायला नको. पु. लं.चं पुस्तक १९५८ चं, आणि ते शेवटच्या चिंतनात हळवे होतात तेव्हा त्यामागे अख्खी पिढी एकाच जिन्याने वर-खाली केल्याची वर्षं आहेत. आमची बिल्डिंग पडली तेव्हा सात वर्षांची होती. जिन्याच्या कठड्याचा रंगसुद्धा नीट उडाला नव्हता.

आईची करेक्शन्स

मी तो लेख आईला वाचून दाखवला. आधी दाखवला नव्हता. आई भाजी निवडत होती.

"हे गाणारे काका कोण गं?"

"अगं, तिसऱ्या मजल्यावरचे."

"ते? ते कुठे गायचे? नाइट ड्युटीवाले होते ते. दिवसभर झोपायचे. तुम्ही पोरं जिन्यात खेळलात की दार उघडून बोंबलायचे. तू घाबरायचीस त्यांना."

खरं होतं. मी घाबरायचे. मग मी त्यांना गायला कधी लावलं?

"आणि नळ कुठे होता बाहेर? टँकर यायचा. पाइप ज्याच्या हातात त्याचं राज्य. आणि मास्तर तर कुणीच नव्हतं बाई. सगळी कंपनीवालीच माणसं." तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तू दुसऱ्याच कुणाच्या तरी बिल्डिंगचं लिहिलंयस."

संपादक जे बोलले तेच ती बोलली, फक्त फोन न करता.

मला तेव्हा जे कळलं ते असं. मी पु. लं.ची वाक्यं उसनी घेतलीच नव्हती. त्यांच्यासोबत त्यांची माणसं आली होती, माणसांसोबत त्यांचा जिव्हाळा आला होता, आणि त्या जिव्हाळ्याला जागा करून देण्यासाठी मी आमच्या खऱ्या शेजाऱ्यांना बाहेर काढलं होतं. आमच्याकडे जिव्हाळा नव्हता असं नाही. पण तो वेगळा होता. सगळे कर्जात, सगळे शिफ्टमध्ये, कुणाला कुणाशी गप्पा मारायला वेळ नाही. त्या माणसांना मी गोड करून टाकलं. म्हणजे सरळ भाषेत खोटं बोलले, आणि मला ते कळलंही नाही, कारण ते वाचायला छान वाटत होतं.

इथे नारायण सुर्वे आठवतात. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेलं, गिरणी कामगाराने वाढवलेलं मूल. पुढे गिरणीत काम, शाळेत शिपाई, मग शिक्षक. १९६२ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचं नाव 'ऐसा गा मी ब्रह्म'. नावाचा घाट थेट संतांच्या घरातला, आणि आत उघडलं की कामगार, भाकरी, मोर्चे. १९६६ च्या दुसऱ्या संग्रहाचं नाव 'माझे विद्यापीठ'. गॉर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाचं नाव 'माझी विद्यापीठे' आहे, हा योगायोग मला तरी वाटत नाही. म्हणजे दारावरची पाटी दुसऱ्याकडून आणली तरी आत राहणारी माणसं त्यांनी बदलली नाहीत. मी पाटीबरोबर भाडेकरूही घेऊन आले होते.

त्या रात्री आईला म्हटलं, मग तूच सांग कसं झालं. आणि ती सांगत गेली. मी फोनवर रेकॉर्ड करत होते.

नोटीस आधी दोनदा लागली होती, काही झालं नव्हतं, त्यामुळे तिसऱ्यांदा कुणी वाचलीच नाही. मग पाणी गेलं, वीज गेली. लोक रस्त्यावर बसले. आणि तरीही पाडणारे येणार हे पक्कं झालं तेव्हा एका संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगमधून खटखट आवाज यायला लागले. लोक आपापली घरं सोलत होते. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ग्रिल, बेसिन, टाकी, पंख्याचे हुक. ज्यांच्याकडे स्क्रू ड्रायव्हर होता त्याच्याकडे रांग. ते नाइट ड्युटीवाले काका त्या दिवशी कामावर गेले नाहीत, कारण ड्रिल मशीन फक्त त्यांच्याकडे होतं आणि वीज नसल्याने त्यांनी कुठून तरी जनरेटर आणला होता. रात्री दोनपर्यंत ते प्रत्येक मजल्यावर जाऊन लोकांच्या चौकटी मोकळ्या करून देत होते. शिव्या देत देत.

यातलं बरंचसं मीसुद्धा पाहिलं होतं. पण लिहिताना मला ते आठवलं नव्हतं. पु. लं.च्या हेलकाव्यात ड्रिल मशीन बसत नव्हतं, म्हणून डोक्याने ते परस्पर वगळलं असावं.

तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला, आता चॅटजीपीटीला सांगितलं की दहा सेकंदांत हव्या त्या लेखकाच्या स्टाइलमध्ये बिल्डिंगवर लेख मिळतो. मी ट्राय केलं. मिळाला. त्यात गाणारे काका होते, नळावरच्या काकू होत्या, शेवटी हळवं स्वगत होतं. माझ्या पहिल्या लेखाचा जुळा भाऊ! त्याने आणि मी एकाच ठिकाणाहून माल उचलला होता.

दुसरा ड्राफ्ट लिहायला मला पाच रविवार लागले. पहिले दोन नुसते रेकॉर्डिंग ऐकण्यात गेले. आईची वाक्यं कुठे थांबतात ते मी लिहून काढलं, अगदी तसंच, जसं बनगरवाडीचं पान लिहून काढायचे. ती कधीच 'खूप वाईट वाटलं' म्हणत नाही. त्याऐवजी वस्तूंची नावं घेते. कोणाचं काय निघालं, काय भिंतीत राहिलं. एका बाईची देव्हाऱ्याची फरशी निघेना, ती पोपडे निघेपर्यंत खरवडत बसली होती, एवढंच सांगून आई पुढच्या मजल्यावर गेली. वाचत आलेल्या लेखकांपैकी एकाकडेही ही युक्ती मी नीट पाहिली नव्हती. घरातच होती आणि फुकट होती.

आणि ऑफिसही कामाला आलं, हे कबूल करायला हवं. क्लेमच्या पत्रात तारीख, रक्कम, वस्तू, नुकसान, एवढंच लिहायचं असतं. मला त्या भाषेचा कायम तिटकारा होता. पण बिल्डिंगमधून काय काय काढलं याची यादी लिहिताना बोटं आपोआप त्या फॉरमॅटमध्ये गेली आणि मी अडवलं नाही. 'दरवाजा, फ्लश, लॅमिनेटसह, एक.' विनोदही राहिला, कारण तो माझ्यातून काही जात नाही. काकांच्या शिव्यांवर आलाच. तो पु. लं.कडून आलाय, हे मला माहितेय. आता तो पाहुण्यासारखा येतो, घरमालकासारखा नाही.

लेख पाठवला. यावेळी संपादकांचा फोन आला तेव्हा मी घरी होते, टेबलाशी. त्यांनी दोन वाक्यं कापायला सांगितली. दोन्ही हेलकाव्याची होती. मी एक कापलं, एकासाठी भांडले. ते वाक्य राहिलं.

"आणि ते दाराचं," ते म्हणाले, "ते खरं आहे? की लेखासाठी?"

दाराचं असं आहे. त्या रात्री काकांनी आमचाही दरवाजा काढून दिला होता. भाड्याच्या खोलीला दार होतंच, त्यामुळे आमचं वर्षभर कपाटामागे उभं होतं. मग बाबांनी त्याला लोखंडी पाय लावून घेतले. गेली काही वर्षं मी त्याच्यावरच लिहिते. उजव्या कोपऱ्यात जिथे आय-होल होतं तिथे आता नुसतं भोक आहे, त्यात माझं पेन बरोबर उभं राहतं. पहिल्या ड्राफ्टमध्ये हे टेबल नव्हतं, आणि तो ड्राफ्ट मी याच टेबलावर लिहिला होता.

"खरं आहे," मी म्हटलं, आणि पेन काढून भोकाचा फोटो पाठवला.